विहिरीत उतरलेले खत

जानेवारी २०२५ मध्ये बुलडाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला. आरोग्य विभागाची पथके गावोगाव फिरली, पाण्याचे नमुने तपासले गेले आणि त्यांत नायट्रेट व एकूण क्षार मर्यादेबाहेर आढळले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमकडे लक्ष वेधले आणि चर्चेचा रोख पाण्यावरून धान्यावर गेला. यथावकाश केसांची बातमीही मागे पडली. मात्र या गडबडीत एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली गेली. केस गळण्याचा दोष पाण्याचा नसेल, तरी त्या पाण्यात सापडलेले नायट्रेट काही खोटे ठरत नाही. एका आरोपातून सुटलेले पाणी तेवढ्याने पिण्यालायक होत नसते.

त्याच सुमारास केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा भूजल गुणवत्ता अहवाल चर्चेत आला. देशभरातील सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त आढळले. असे नमुने सापडलेले जिल्हे २०१७ मध्ये ३५९ होते, ते २०२३ पर्यंत ४४० झाले. ज्या १५ जिल्ह्यांत हा प्रश्न सर्वाधिक तीव्र आहे, त्यांत महाराष्ट्राचे तब्बल सात आहेत: वर्धा, बुलडाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. कापूस, सोयाबीन आणि विहिरीवरचा रब्बी हंगाम ही या पट्ट्याची ओळख आहे.

बुलडाणा जिल्ह्यात पाण्याची गोष्ट निघाली की लोक घाटाखालचे पाणी आणि घाटावरचे पाणी असा फरक करतात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. तिथले पाणी जिभेवर ठेवताच कळते. चिखली तालुक्यातील अमडापूर घाटावरचे. घाटावरचे पाणी गोडे, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले आणि चवीच्या दृष्टीने ते खरेही आहे. पण नायट्रेटला चव नाही, रंग नाही, वासही नाही. ज्या पाण्याला खारट म्हणून लोक नावे ठेवतात, त्याच्यापासून ते निदान सावध तरी असतात. गोड लागणाऱ्या पाण्याबद्दल कोणी विचारतही नाही.

हे नायट्रेट येते कुठून? शेतात टाकलेल्या युरियातला आणि डीएपीतला सगळा नत्र पिकाला मिळत नाही. काही हवेत उडतो, काही जमिनीत राहतो आणि उरलेल्याचे जमिनीतले जिवाणू नायट्रेट करतात. नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळते आणि मातीच्या कणांना चिकटून राहत नाही. जोराचा पाऊस झाला की ते पाण्याबरोबर खाली उतरते आणि काळ्या थराखालच्या मुरमातून, खडकाच्या भेगांतून विहिरीपर्यंत पोहोचते. सोयाबीन तर आपल्या मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र स्वतःच मिळवते. तरीही पीक पिवळे पडले की युरियाची गोणी फोडली जाते. चुनखडीच्या जमिनीत ते पिवळेपण अनेकदा लोहाच्या कमतरतेचे असते किंवा मुळांशी पाणी साचल्याचे असते. युरियाने ते जात नाही, युरिया मात्र विहिरीकडे जातो. सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणेही बरोबर नाही. विहिरीच्या वरच्या अंगाला असलेले उकिरडे, गोठ्याचे सांडपाणी आणि तळ न बांधलेले शौचालयाचे खड्डे यांतूनही तेच नायट्रेट उतरते.

यात सर्वांत मोठा धोका आहे तो सहा महिन्यांच्या आतील बाळाला. नायट्रेटचे पोटात नायट्राइट होते आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनमधील लोहाचे रूप बदलून टाकते. असे बदललेले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मोठ्या माणसाच्या रक्तात ते पूर्ववत करणारे विकर पुरेसे असते, तान्ह्या बाळात ते कमी असते. ओठ आणि नखे निळी-करडी पडतात, रक्त चॉकलेटी दिसते आणि प्राणवायू लावूनही रंग परत येत नाही. १९४५ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डॉ. हंटर कॉमली यांनी शेतावरच्या विहिरीचे पाणी आणि बाळांचे निळे पडणे यांचा संबंध प्रथम दाखवला. पुढे जगभर ठरलेल्या मर्यादा मुख्यतः याच आजारापासून बाळाला वाचवण्यासाठी आहेत. हा आजार वेळीच ओळखला तर मिथिलिन ब्लूच्या इंजेक्शनाने बरा होतो. न ओळखला तर हृदयाचा किंवा फुप्फुसाचा दोष समजून वेळ जातो. जुलाब झालेल्या बाळाला धोका आणखी वाढतो.

मोठ्यांबाबतचे पुरावे इतके सरळ नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये, शरीरात नायट्रोसो संयुगे तयार होतील अशा परिस्थितीत पोटात जाणाऱ्या नायट्रेट-नायट्राइटला ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात ठेवले. याचा अर्थ गावातल्या प्रत्येक कर्करोगाचे खापर विहिरीवर फोडावे असा नाही. बाळाच्या बाबतीत मात्र थांबून चालणार नाही आणि इथे आईने लक्षात ठेवायच्या गोष्टी अगदी थोड्या आहेत. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध; आईच्या पिण्याच्या पाण्यातील नायट्रेट दुधात फारसे उतरत नाही. वरचे दूध किंवा पावडर द्यावीच लागली तर ती तपासलेल्या पाण्यातच कालवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण वाढते. तुरटी, क्लोरीन, कापडाची गाळणी, मेणबत्तीचा फिल्टर यांपैकी कशानेही ते निघत नाही.

ते काढते मेम्ब्रेन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा. या पडद्यांचे प्रकार चाळण्यांसारखे आहेत. घरात पिठाची, रव्याची आणि गव्हाची चाळणी वेगळी असते, तसेच हे. सर्वांत मोकळ्या पडद्यात गाळ आणि जिवाणू अडतात. त्याहून बारीक पडद्यात विषाणू आणि प्रथिने अडतात. त्यापुढचा नॅनो पडदा कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट यांना बऱ्याच अंशी अडवतो, पण नायट्रेटसारखा छोटा कण त्यातून बराचसा निसटतो. शेवटचा आरओचा पडदा. त्यातून दाबाखाली पाणी पुढे जाते आणि जवळपास सगळे क्षार मागे राहतात. असा व्यवहारात उपयोगी पडणारा पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय श्रीनिवास सौरीराजन यांनी तयार केला. आज गावोगावी दिसणारे पाण्याचे एटीएम आणि लग्नाकार्यात येणारे वीस लिटरचे जार ही त्याचीच पुढची पिढी आहे.

या यंत्रावर लोकांचा विश्वास मोठा आहे, पण तो डोळे मिटून ठेवण्यासारखा नाही. आरओ इतर क्षारांइतक्या ताकदीने नायट्रेट अडवत नाही. पडदा जुना झाला की सर्वांआधी जे निसटते त्यात नायट्रेट असते. पाण्याला चव यावी म्हणून अनेक यंत्रांत थोडे कच्चे पाणी पुन्हा मिसळले जाते आणि काढलेले नायट्रेट मागच्या दाराने परत येते. खिशातला टीडीएस मीटर एकूण क्षार सांगतो, नायट्रेट सांगत नाही. मीटरचा आकडा पाहून ‘पाणी एकदम शुद्ध’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो, तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देत असतो.

यापेक्षा मोठा प्रश्न पडद्याच्या दुसऱ्या बाजूला आहे. पडदा कशाचाही नाश करत नाही, तो फक्त वेगवेगळे करतो. एका नळीतून स्वच्छ पाणी येते आणि दुसऱ्या नळीतून उरलेले सगळे. समजा, एखाद्या गावच्या विहिरीत लिटरला ९० मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट नायट्रेट आहे. प्लांट दिवसाला पाच हजार लिटर पिण्याचे पाणी देतो आणि तितकेच बाहेर टाकतो. त्या टाकलेल्या पाण्यात लिटरला जवळपास १८० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारे ९०० ग्रॅम नायट्रेट असते. ते नालीत जाते, नाली गावाबाहेर एखाद्या खोलगट जागी संपते, पाणी तिथे मुरते आणि पुन्हा त्याच भूजलात मिसळते. पुढच्या वर्षी प्लांटला जास्त खराब पाणी मिळते आणि पडदा लवकर बदलावा लागतो. गाव स्वतःचेच नायट्रेट पुन्हा पुन्हा गाळत बसते, विजेचे बिल भरून. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये आरओ यंत्रांतून किमान ६० टक्के पाणी मिळालेच पाहिजे असा आदेश दिला होता. पाण्याची नासाडी थांबावी हा त्यामागचा हेतू योग्यच होता. पण कमी पाण्यात तेवढेच क्षार म्हणजे बाहेर पडणारे पाणी अधिक तीव्र. ते जाणार कुठे, हा प्रश्न त्याने सुटत नाही, उलट अधिक टोकदार होतो.

मग हे नायट्रेट परत मिळवून वापरता येणार नाही का? कल्पना नवी नाही, आणि या जिल्ह्याला तर मुळीच नाही. लोणारच्या खाऱ्या सरोवरातून निघणारा खार पूर्वी गोळा करून विकला जात असे. ‘ऐन-ए-अकबरी’तही लोणारच्या परिसरात काच व साबण बनवण्यास लागणारे पदार्थ मिळतात आणि तिथे सोऱ्याचे उत्पादन होते, अशी नोंद आहे. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक. ज्या नायट्रेटसाठी त्या काळी सरकारी खजिन्यात महसूल जमा होत असे, तेच आज आपण नालीत सोडतो.

तरीही हिशेब कागदावर मांडला पाहिजे. वरच्या उदाहरणातील दिवसाच्या ९०० ग्रॅम नायट्रेटमध्ये नत्र भरतो सुमारे २०० ग्रॅम. वर्षाचा झाला ७४ किलो, म्हणजे युरियाच्या साडेतीन-पावणेचार गोण्या. ४५ किलोच्या गोणीचा अनुदानित दर २६६ रुपये ५० पैसे धरला तर सगळी कमाई हजार रुपयांच्या आतली. एवढ्यासाठी गावात दुसरे महागडे यंत्र बसवणे म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला. विहिरीच्या पाण्यातून खत ‘कमावता’ येईल असे कोणी सांगत असेल, तर गावाने त्याच्यापासून दूर राहावे. गावच्या प्लांटपुरता प्रश्न कमाईचा नाही, विहीर वाचवण्याचा आहे.

पडद्याने रसायन परत मिळवणे परवडते ते जिथे सांडपाणी घट्ट आहे आणि एका जागी जमा होते तिथे. पनीर करताना शंभर लिटर दुधामागे साधारण ऐंशी लिटर पाणी उरते. पूर्वी ते ओढ्यात जाई. मोठ्या डेअऱ्या आता पडद्यातून त्यातली प्रथिने वेगळी काढतात आणि तीच व्यायामशाळेतल्या तरुणांना डब्यातून महाग विकली जातात. साखर कारखान्यांच्या आसवनीचे उदाहरण याहून मोठे. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर काळे सांडपाणी निघते. नदीकाठच्या गावांनी त्याचा त्रास वर्षानुवर्षे सोसला. उसाने जमिनीतून ओढलेले पोटॅश त्यातच असते. हे पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळले की राखेत पोटॅश उरते. आटवण्याआधी पाणी कमी करायला काही ठिकाणी आरओचे पडदे वापरतात. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने या सांडपाण्यातून पोटॅश काढण्याची पद्धत विकसित केली आहे. केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये मळीपासूनच्या १४.५ टक्के पोटॅशला खताच्या अनुदान योजनेत घेतले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याचा दर टनाला ४,२६३ रुपये ठरला. म्युरिएट ऑफ पोटॅशसाठी आयातीवर अवलंबून असलेल्या देशात ही किरकोळ बाब नाही. आणि हा बदल नुसत्या यंत्राने झाला नाही. सांडपाणी बाहेर सोडायला बंदी आली, राखेला दर मिळाला आणि मग यंत्र बसले.

घाटावरच्या गावांना लागू पडेल असा तिसरा प्रकार गोठ्याचा आहे. शेणाच्या घट्ट स्लरीत अमोनियाच्या रूपातला नत्र लिटरला एक-दोन ग्रॅमपर्यंत असतो, म्हणजे वरच्या विहिरीतील नत्राच्या पन्नास ते शंभर पट. अमेरिकेच्या कृषी विभागातील संशोधकांनी यासाठी वेगळा पडदा वापरला आहे. तो पाणी अडवतो, पण वायूला वाट देतो. स्लरीचा सामू वाढवला की अमोनिया वायुरूप होऊन पडद्यातून पलीकडे जातो, तिथे सौम्य गंधकाम्लात अडकतो आणि अमोनियम सल्फेट तयार होते. हे तेच खत, जे शेतकरी दुकानातून आणतो. मोठ्या गोठ्यांसाठी आणि जैववायू प्रकल्पांसाठी हा मार्ग विचार करण्यासारखा आहे. चार जनावरांच्या गोठ्याला त्याची गरज नाही; तिथे पक्क्या तळाचा शेणखड्डा आणि वेळेवर शेतात गेलेली स्लरी हेच काम फुकटात करते.

अमडापूरच्या एखाद्या शेतकऱ्याला यातून आज काय करता येईल? सर्वांत स्वस्त गाळणी त्याच्या शेतातच उभी आहे. ती म्हणजे पीक. विहिरीत लिटरला ९० मिलिग्रॅम नायट्रेट असेल आणि एक एकर गव्हाला दोन इंच पाणी दिले, तर सुमारे दोन लाख लिटर पाण्याबरोबर चार किलो नत्र शेतात जातो. पाच पाळ्यांत झाला वीस किलो. युरियाच्या एका गोणीत नत्र असतो सुमारे २१ किलो. म्हणजे एकरी जवळपास एक गोणी तो शेतकरी विहिरीतून उपसून देतच असतो आणि वरून दुकानातली गोणी पुन्हा टाकतो. पाण्याचा तपासणी अहवाल कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला दाखवून तेवढा युरिया कमी केला, तर खर्चही वाचतो आणि विहिरीवरचा भारही हलका होतो. नत्र एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत देणे आणि जोराचा पाऊस तोंडावर असताना गोणी न फोडणे, हाही याच औषधाचा भाग.

आरओ प्लांटच्या वाया जाणाऱ्या पाण्यालाही हाच न्याय लावता येतो, पण एक पथ्य पाळून. घाटावर जिथे मुख्य तक्रार नायट्रेटची आहे आणि सोडियम कमी आहे, तिथे ते पाणी विहिरीच्या पाण्यात मिसळून चाऱ्याला किंवा झाडांना देता येईल. घाटाखालच्या खारपाण पट्ट्यात असे मुळीच करू नये. तिथल्या पाण्यात सोडियम असतो. काळ्या जमिनीला तो मिळाला की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि शेत चोपण होते. तिथे पक्क्या तळाच्या उथळ तळ्यात ते आटवणे हाच मार्ग. एकाच जिल्ह्यात, थोड्याच अंतरावर, एकाच यंत्राच्या पाण्याला दोन वेगळे उपाय लागतात. म्हणून मुंबईत बसून एकाच नमुन्याचे परिपत्रक काढून हा प्रश्न सुटणारा नाही.

शासनाकडून अपेक्षा फार मोठी नाही. सरकारी पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक आरओ प्लांटच्या अंदाजपत्रकात उरलेल्या पाण्याची सोय असलीच पाहिजे. ती नसेल तर प्लांट मंजूर होऊ नये. प्लांटच्या दारावर पाण्याच्या दराशेजारी येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्यातील नायट्रेटचा आकडा आणि तपासणीची तारीख लिहिलेली असावी. जल जीवन मिशनमध्ये गावातील महिलांना पाणी तपासणीचे संच आणि प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. पावसाळा संपल्यावर, नायट्रेट उतरण्याच्या काळात, ते संच कपाटाबाहेर निघावेत आणि संशय आला तर नमुना प्रयोगशाळेत जावा. गरोदर मातेच्या नोंदीत रक्तगट आणि हिमोग्लोबिन लिहिले जाते. तिच्या घरी पाणी कोणत्या विहिरीचे येते आणि त्यात नायट्रेट किती, ही आणखी एक ओळ आशा कार्यकर्तीने लिहिली तर बाळ जन्मण्याआधीच पुरेसा अवधी मिळतो.

अमडापूरच्या कोणत्या विहिरीत नायट्रेट किती, हे पाणी तपासल्याशिवाय कोणीही सांगू शकत नाही, आणि गोडे लागते म्हणून ते कमीच असेल असे समजण्यालाही आधार नाही. ग्रामसभेत आरओ प्लांटचा विषय निघतो तेव्हा चर्चा लिटरच्या दराची होते, जागेची होते, उद्‌घाटनाला कोणाला बोलवायचे याचीही होते. यापुढे एक प्रश्न जास्तीचा विचारला जावा: दुसऱ्या नळीतले पाणी कुठे जाणार? त्याचे उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याने गावाला अर्धेच यंत्र दाखवले आहे.